काठोकाठ भरलेला जेरीकॅन

माझं पोस्टिंग तेव्हा लडाखला होतं. मी मेहकरचा, रँक हवालदार, काम गाडी चालवायचं. को-ड्रायव्हर लान्स नायक सुपडा, जळगाव जामोदचा. जिल्हा एकच निघाल्यावर गट्टी जमायला वेळ लागला नाही. तिथले पहाड मात्र आमच्याकडच्या डोंगरांहून कितीतरी उंच. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेला सुपडा पहिल्या दिवशी नुसता मान वर करून उभा होता.

वरच्या पोस्टच्या जनरेटरला लागणारं पेट्रोल भरायचं काम त्याचं. जेरीकॅन जमिनीवर ठेवून भरायचा, गाडीत ठेवून नाही. झाकण घट्ट, कॅन उभा, पट्ट्याने आवळून मागच्या बाहेरच्या रॅकमध्ये. हे सगळं तो बिनचूक करी. खोड एकच होती. त्याच्या वडिलांचं रॉकेलचं दुकान, आणि माप काठोकाठ देणारा माणूस म्हणून त्यांचं बाजारात नाव. त्यामुळे कॅनमध्ये वर जागा सोडायची म्हटलं की सुपड्याच्या जिवावर येई.

त्या सकाळीही मी त्याला टोकलं, "काठोकाठ काऊन भरून राह्यला बे? उन्हानं पेट्रोल फुगते."

"अन् पोस्टवाले म्हनतीन, ड्रायव्हरनं मधातच मारलं!"

"म्हनू दे. काढ थोडं."

कुरकुरत त्याने एकेक कॅन कमी केला. शेवटचा तेवढा राहिला आणि कॉन्व्हॉयची शिट्टी झाली. तो कॅन तसाच काठोकाठ रॅकमध्ये चढला, हे मला नंतर कळलं.

दुपारी चढावर ऊन चांगलंच तापलं. मागे ताडपत्रीखाली आठ जवान बसले होते. त्यांना उतरायला वाट एकच, मागचा फाळका, आणि रॅक त्याला लागूनच. मागच्या गाडीवरून वायरलेस खरखरला.

"गाडी रोको! तुम्हारे पीछे आग है! ओव्हर."

एक्स्टिंग्विशर घेऊन मी मागे धावलो. सुपडा आधीच तिथे होता. झाकणातून पाझरलेलं पेट्रोल सायलेन्सरवर ठिबकून पेटलं होतं. त्या कॅनच्या अंगावर जाळ होता, शेजारी बाकीचे कॅन, आणि आत माणसं ओरडत होती.

"सुपड्या, हट!"

"याले मी नेतो. तुम्ही बाकीचं विझवा!"

त्याने पट्टा सोडला, पेटता कॅन पोटाशी धरला आणि दरीकडे निघाला. पळाला नाही. पळाला असता तर पेट्रोल आणखी उसळलं असतं. भरलेली घागर घरात आणावी तसा तो सरळ चालत गेला. बाह्या जळत होत्या. कॅन दरीत सोडला आणि मगच खाली कोसळला. माणूस असा चालू शकतो, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आणि अजूनही मला ते पुरतं खरं वाटत नाही. मी रॅक विझवला. आठही जवान धडधाकट उतरले.

सुपडा हॉस्पिटलमधून परतला नाही.

आता मी मेहकरला असतो. कुणी पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरून डिकीत टाकताना दिसला की भर रस्त्यात ओरडतो. लोक हसतात. हसोत बापडे.

तेव्हा रजा मिळताच मी जळगाव जामोदला गेलो होतो. सुपड्याच्या मायने सगळं ऐकून घेतलं.

"गाडीत कितीक जन होते?"

"आठ, माय."

"समदे घरी गेले?"

"हाव."



"आठ जनींचे लेकरं घरी गेले म्हना," ती म्हणाली. "माह्या एकटीचंच राह्यलं."

मग उठली आणि माझ्यासाठी ताट वाढायला लागली. मी उभा राहिलो आणि तिला कडक सॅल्यूट केला.