लोणच्यातली बाटली

कॅनडातल्या माझ्या दादाला पाठदुखीवर डॉक्टर गांजाचं तेल लिहून देतात आणि त्याचे पैसे इन्शुरन्स भरतो. इथे दुबईत माझ्या पाठीच्या फिजिओथेरपीला माझ्या इन्शुरन्सने तीनदा नकार दिला होता. तिसऱ्या नकारानंतर मी दादाजवळ फोनवर रडले, आणि तेच चुकलं.

आठवड्याने त्याचा फोन आला. मित्राची बायको दुबईला निघाली होती, तिच्याकडे त्याने लोणच्याची बरणी दिली होती. लोणच्यात त्याच्या त्या तेलाची बाटली बुडवलेली होती.

इथे त्या बाटलीपायी तुरुंग होतो, आणि तो तिला झाला असता, जिला काही ठाऊकच नव्हतं. आम्ही परदेशातली माणसं कुणाचाही डबा बॅगेत घालतो. आत काय आहे हे विचारायची आम्हाला लाज वाटते. मीही असे कितीतरी डबे आणलेत.

नंबर घेऊन मी त्या बाईंना गाठलं. त्या बॅगा भरत होत्या.

"ती बरणी आणू नका," मी म्हटलं.

"अहो, तुमच्या दादांना वाईट वाटेल."

"वाटू दे. त्यात गांजाचं तेल आहे."

त्यांनी फोन ठेवला. बरणी तिकडेच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी चौथा अर्ज घेऊन इन्शुरन्सच्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या माणसाने मान वर केली. "मॅडम, फिर से?"

मी खुर्ची ओढून बसले.

"पीठ दुखती है," मी म्हटलं. "उठने में टाइम लगेगा."