साडूपेक्षा वरचढ गाडी

मोठ्या जावयाला सासरी फार मान होता, आणि त्याचं दुखणं नेमकं तिथेच होतं.

तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक. शहरभरच्या लिफ्ट त्याच्या हाताखालून जायच्या, पण सासऱ्यांच्या इमारतीला मात्र लिफ्ट नव्हती, यावरून मित्र त्याची पुष्कळ थट्टा करायचे. सासूबाई गेल्या, सासरे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहिले आणि त्यांचा गुडघा कुरकुरायला लागला. तेव्हा त्याने एका सुट्टीच्या दिवशी जिन्याच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत लोखंडी कठडा बसवून दिला. कुठे हाताला खरखरीत लागू नये म्हणून पॉलिशपेपरने घासून घासून त्याची बोटं सोलवटली. सासऱ्यांनी कठड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "जावईबापू, फार उपकार झाले तुमचे."

आणि खुर्चीत जाऊन बसले. खाली काही उतरले नाहीत.

गळका नळ, गिझर, कुरकुरणारं दार, सगळं त्यानेच केलं होतं. दर वेळी तेच "जावईबापू", तेच "तुम्ही". पाहुण्याला म्हणावं तसं. आणि धाकटा जावई? तो फरशांच्या शोरूममध्ये विक्रीला होता. तोंडाने गोड, हाताने शून्य. भिंतीत खिळा ठोकायला सांगितला तर अख्खा गिलावा खाली आणेल असा. पण घरात येऊन वर्ष झालं नाही तोच सासरे त्याला "अरे ए, इकडे ये बघू" म्हणायला लागले. त्याच्या पाठीत थाप मारायला लागले. मोठ्या जावयाच्या पाठीला वीस वर्षांत सासऱ्यांचा हात लागलेला नव्हता.

हे तो कुणाला बोलला नाही. अशा गोष्टी बोलल्या की माणूस लहान दिसतो. पण साडूचं हसणं जिन्यात ऐकू आलं की तो आधीच घट्ट असलेला एखादा स्क्रू पुन्हा आवळायला घ्यायचा.

एका रविवारी सगळे सासऱ्यांकडे जेवायला जमले होते. जेवणं उरकल्यावर साडूने पिशवीतून एक गाडी काढली. रिमोटवर चालणारी बगी. जाडजूड, खोल खाचांची चाकं, उघडे स्प्रिंग, वरची लाल बॉडी चरे पडून पांढुरकी झालेली. शोरूममधल्या कुणाची तरी जुनी त्याने घेतली होती.

"बाबा, गॅलरीत या. गंमत दाखवतो."

इमारतीच्या मागे एक गोदाम पाडलेलं होतं. मातीचे ढिगारे, विटांचे तुकडे, मध्येच काँक्रीटचा एक सपाट पट्टा. साडू खाली गेला आणि गाडी सोडली. गाडी ढिगाऱ्यावर चढली, हवेत उडाली, तोंडावर आपटली, कोलांटी खाऊन चाकांवर उभी राहिली आणि पुन्हा पळाली.

सासरे खो खो हसले. सासूबाई गेल्यापासून त्यांचं असं हसू कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी आयुष्यभर रस्ते बांधणीवर रोडरोलर चालवला होता. माणूस शेजारून चालत पुढे निघून जाईल अशा वेगाने त्यांची सगळी नोकरी सरली.

"मी जन्मभर खड्डे बुजवले," ते डोळे पुसत म्हणाले, "आणि हा गाढव त्यातून उड्या मारतोय! थांब रे, मी खाली येतो."

आणि ते उतरले. कठडा धरून, एकेक पायरी, पार तळापर्यंत. मोठा जावई मागून सांभाळत उतरत होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर फक्त कठडा आणि त्यावरून सरकणारा तो म्हातारा हात होता. कठडा याने बसवायचा, आणि सासऱ्यांना खाली उतरवायचं साडूने! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "बाबा किती खूश होते, नाही?"

"हं."

"तुमचं तोंड का एरंडेल प्यायल्यासारखं?"

"दाढ दुखतेय," तो म्हणाला.

शनिवारी तो अशा गाड्यांच्या दुकानात जाऊन उभा राहिला. दुकान चिंचोळं होतं. एका भिंतीवर गाड्या, दुसऱ्या भिंतीवर छोट्या पाकिटांत टांगलेले सुटे भाग. काउंटरमागे केस आखूड कापलेली, चष्मा कपाळावर ढकललेली एक बाई एका गाडीचं पोट उघडून बसली होती. दुकान तिचंच.

"कुणासाठी हवीय?"

"भाच्यासाठी," त्याने ठोकून दिलं. भाचा त्याला नव्हताच.

"चालवणार कुठे? ट्रॅकवर, की अशीच माती-दगडांत धुडगूस घालायला?"

"अशीच. पण सगळ्यात जोरात पळणारी कुठली?"

तिने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "कुणाच्या पुढे काढायचीय?"

त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मग मोटरीचं बोलणं निघालं आणि तो सावरला, कारण मोटर म्हणजे त्याचं रोजचं काम. एका मोटरीत कार्बनचे ब्रश असतात, ते झिजतात. दुसरी ब्रशलेस, जास्त ताकदीची, झिजायचं नाव नाही. साडूची गाडी ब्रशवाली होती, हे त्याने आवाजावरून तेव्हाच ताडलं होतं. म्हणजे आपल्याला ब्रशलेसच हवी. वर बॅटरीही मोठी.

निळ्या रंगाची, सडपातळ, पोट जमिनीला टेकेल इतकी खाली बसलेली एक बगी त्याने बोटाने दाखवली.

"ही पळते सुंदर," बाई म्हणाली, "पण ही शर्यतीची जात. हिला सपाट ट्रॅक लागतो. तुमच्या ढिगाऱ्यांत हिचं पोट अडकेल. शिवाय हिचे भाग माझ्याकडे नसतात, मागवावे लागतात. उगाच धुडगूस घालायचा तर वेग शेवटी बघायचा. आधी बघायचं, मोडली तर दुरुस्त होईल का."

हे वाक्य दुसऱ्या कुणी लिफ्टबद्दल म्हटलं असतं तर त्याने त्याचा हात हातात घेतला असता. पण मत्सराला कान नसतात. त्याने निळी बगीच बांधून घेतली.

रविवारी त्याने ती मुद्दाम सगळे खाली जमल्यावर काढली. साडू प्रामाणिकपणे ओरडला, "दादा! काय चीज आणलीत हो!" ते ऐकून मोठ्या जावयाला जे सुख झालं ते फार टिकलं नाही. ढिगाऱ्याकडे सोडलेली गाडी पायथ्याच्या गवतातच रुतली. उचलून ठेवली, पुन्हा रुतली. आतल्या दांड्यांभोवती गवताचे धागे गुंडाळले गेले. साडूची लाल गाडी तिच्या शेजारून ढिगाऱ्यावर चढून उडी मारून परतसुद्धा आली.

"काँक्रीटवर बघा आता," तो दात दाबून म्हणाला.

काँक्रीटवर गाडी खरंच सुटली. शिट्टीसारखा आवाज करत अशी गेली की सासऱ्यांची मान वळेपर्यंत पट्टा संपला. पट्टा संपला तिथे कठीण काठ होता. टाळी वाजावी तसा आवाज झाला. पुढचं एक चाक स्वतंत्रपणे बरंच लांब गेलं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. साडू धावत जाऊन चाक घेऊन आला आणि म्हणाला, "होतं दादा असं. माझीही दोनदा मोडलीय. मी बघू का कुठे भाग मिळतो?" जळत्या माणसाला शत्रूच्या चांगुलपणासारखं तिखट काही लागत नाही.

सासरे विटांच्या चवडीवर बसले होते. ते हळूच म्हणाले, "जावईबापू, तुमची गाडी फार हुशार आहे. आमच्या मैदानाला जरा मठ्ठ गाडी लागते." मग साडूकडे वळून, "अरे, दे रे मला जरा तो रिमोट."

त्यांनी रिमोट घेतला, पण त्यांचं बोट थरथरायला लागलं. गाडी एकदम उसळली आणि उलटी पडली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. त्यांनी रिमोट परत दिला. "तूच चालव बाबा. मी बघतो."

साडू लगेच उड्या मारायला लागला. त्याला काही दिसलं नव्हतं. मोठ्या जावयाला दिसलं. म्हाताऱ्याने तो हात दुसऱ्या हाताखाली झाकून घेतला होता.

त्या आठवड्यात एका कार्यालयाच्या लिफ्टचं काम करताना तो शाफ्टमध्ये उभा होता. लिफ्ट मजल्यावर धक्का न देता थांबावी म्हणून तिचा वेग हळूहळू उतरवायची सोय तो जुळवत होता. आणि त्याला वाटलं, छोट्या गाडीला अशी काही सोय असेलच की. त्याला आधी आठवला तो सासऱ्यांचा हात, हे खरं. पण पाठोपाठ साडूचा चेहरा आठवला आणि हुरूप दुप्पट झाला, हेही तितकंच खरं.

संध्याकाळी तो पुन्हा दुकानात गेला. मोडकी निळी गाडी काउंटरवर ठेवली.

"भाचा बरा आहे ना?" बाईने विचारलं.

"भाचा नाहीये. सासरे आहेत. ऐंशीला टेकलेत. हात थरथरतो त्यांचा."

तिने स्टूल ओढलं. चार-पाच गाड्या खाली काढल्या. त्याने या वेळी मोटरीकडे पाहिलंच नाही. पोट जमिनीपासून किती वर आहे ते पाहिलं. पुढची चाकं धरणारे प्लॅस्टिकचे हात वाकवून पाहिले, मोडण्याआधी लवतात का. चाकं दाबून पाहिली. भिंतीकडे बघून त्या गाडीची सुट्या भागांची पाकिटं किती टांगलीत ते पाहिलं. मग रिमोट. एकेक रिमोट त्याने डाव्या हातात धरला आणि तो हात मुद्दाम थरथरवत गाडी दुकानाच्या फरशीवर चालवून पाहिली. एका रिमोटवर एक बटण होतं, ते फिरवलं की कितीही जोरात दाबलं तरी गाडी अर्ध्या वेगाच्या वर जायची नाही. त्याने ते फिरवलं, हात आणखी थरथरवला. गाडी शहाण्यासारखी कपाटापर्यंत गेली आणि वळून आली.

"ही."

"हिची मोटर साधी आहे. ब्रश झिजतील," बाई म्हणाली.

"झिजू देत. बदलायला मी आहे ना." आणि मनात म्हणाला, तेवढंच सासऱ्यांकडे जाणं होईल. साडूला काही बदलता येणार नाहीत.

निळी गाडी भाग आल्यावर विकून द्यायला त्याने तिच्याकडेच ठेवली.

पुढच्या रविवारी त्याने सगळ्यांसमोर नवी गाडी खाली ठेवली आणि रिमोट सरळ सासऱ्यांच्या हातात दिला. ते नको नको म्हणाले. त्याने तो परत घेतलाच नाही. गाडी निघाली, थोडी डुलत, एखाद्या गलेलठ्ठ बेडकासारखी. ढिगाऱ्यावर चढली. वर क्षणभर थांबली. मग पलीकडे उडी. सासरे उभे राहिले. गुडघा विसरून उभे राहिले.

"अर्रर्र! बघितलंत का? बघितलंत का?"

पुढे किती तरी वेळ त्यांनी रिमोट कुणाला दिला नाही. साडूने आपली लाल गाडी पिशवीतून काढली होती, पण सुरूच केली नव्हती. काखेत धरून तो उभा होता आणि ओठांवर कसलंसं हसू चिकटवून ठेवलं होतं. मोठ्या जावयाने तो चेहरा ओळखला. गेले दोन रविवार तो स्वतः तोच चेहरा घालून हिंडत होता. त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याला बरं वाटलं. चहा त्या दिवशी त्याला फार गोड लागला.

दोन आठवड्यांनी, भर दुपारी, त्या बाजूला एक काम होतं ते लवकर संपलं म्हणून तो सासऱ्यांकडे डोकावला. घराला कुलूप. मागून आरडाओरडा ऐकू आला म्हणून तो खाली मैदानात गेला.

अर्धी इमारत तिथे होती. तळमजल्यावरचे रिटायर्ड केमिस्ट, त्यांच्या सौ., टपाल वाटायला आलेला माणूस. सगळे ओळीने उभे. रिमोट होता शेजारच्या जिन्यातल्या, कपडे शिवणाऱ्या बाईच्या हातात, आणि सासरे तिच्या खांद्याशी उभे राहून तिला एकेक वळण समजावून सांगत होते. त्याला पाहून त्यांनी हात हलवला.

"या या! रांगेत थांबा जरा. केमिस्टांच्या मागे."

तो स्वतःच्याच गाडीसाठी रांगेत उभा राहिला. केमिस्टांच्याही पुढून कुणीतरी वळून पाहिलं. साडू. शोरूमला आज साप्ताहिक सुट्टी होती.

"दादा," साडू अगदी त्याच्या कानाशी येऊन म्हणाला, "मी केव्हाचा उभा आहे. ही बाई रोज येते म्हणे. बाबा म्हणतात, हिच्या हातात कला आहे."

शिवणवाल्या बाईने गाडी ढिगाऱ्यावर चढवली, हवेत उडवली आणि चारही चाकांवर अलगद उतरवली. तशी उडी दोघा जावयांपैकी एकालाही कधी साधली नव्हती. सासऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मोठ्या जावयाने मान वाकडी करून गाडीचा आवाज ऐकला.

"असं चालवलं तर गिअर जातील," तो म्हणाला.

"मीही तेच म्हणतोय," साडू म्हणाला.