पॅटर्नकाकांची डेनिमची होडी

तुम्ही कधी कुणाला मदत करायला गेलात आणि त्या माणसानं तुम्ही बांधलेली गाठ तुमच्यासमोर सोडून पुन्हा बांधली, असं तुमच्या वाट्याला आलंय का? आलं असेल तर पॅटर्नकाका तुम्हाला ठाऊक आहेत. तुमच्या गल्लीत त्यांचं नाव वेगळं असेल, एवढंच.

अंबरनाथला ते आमच्या शेजारच्या घरात राहायचे. ओतकामासाठी आधी लाकडाचे साचे करतात, त्यांना कारखान्यात पॅटर्न म्हणतात. ते करणारे म्हणून पॅटर्नकाका. दिवसभर केसाएवढा फरक मोजणारा हा माणूस घरी टेपला हात लावत नसे. "टेप कारखान्याचा, हात माझा," म्हणायचे. पडद्याची दांडी असो की काकूंचा पाट, सगळं वितीनं आणि मुठीनं. मी म्हटलं, "काका, वीत प्रत्येकाची वेगळी असते." तर म्हणाले, "म्हणूनच तर."

म्हणूनच तर! यावर कोण काय बोलणार?

नव्वदीच्या सुरुवातीला कारखान्याच्या वाचनालयातल्या एका जुन्या मासिकात त्यांना बर्फाळ देशातल्या शिकाऱ्यांच्या होडीचं चित्र सापडलं. लाकडाचा हलका सांगाडा, त्यावर ताणलेलं सीलचं कातडं, मधे एका माणसाला कमरेपर्यंत बसायला भोक. शिकारी ती स्वतःच्या अंगाच्या मापानं करतात, असं खाली लिहिलं होतं. झालं. सगळं आयुष्य वितीनं मोजणाऱ्या माणसाला कुणीतरी दुरून हाक मारली होती.

"कातडं कुठून आणणार?" मी विचारलं.

"कातडं नाही. आपल्या बापजाद्यांनी मेलेली ढोरं ओढणं, कातडं सोलणं सोडलंय. माझ्या दारात ते परत येणार नाही. कापड लावायचं."

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडिलांच्या खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे, अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. असं वाक्य कानावर पडलं की माझा हात पेनाकडे जातो. काकांनी तो पाहिला.

"लगेच छापू नका, पुढारीणबाई. ही कामटी धरा."

मी कामटी धरली. त्या हिवाळ्यातले सगळे रविवार धरली. वांगणीहून आणलेला वेळू चिरून काकांनी कामट्या काढल्या होत्या. खिळा एकही नाही, प्रत्येक सांधा नायलॉनच्या दोरीनं बांधायचा. त्यानं होडी पाण्यात लवते, मोडत नाही. मी एक सांधा बांधला की काका बोटानं दाबून बघत, "छान आहे" म्हणत आणि सोडत. छान आहे तर सोडता कशाला? आतून काकूंचा आवाज यायचा, "माझी थापलेली भाकरी तेवढी परत थापत नाहीत, बाई. नशीब माझं!"

कापडासाठी आम्ही उल्हासनगरला गेलो. कॅम्प चारमध्ये जीन्स शिवणाऱ्या एका सिंधी शेठकडे काकांनी हातानं हवेत माप दाखवलं. शेठ बघतच राहिला.

"साईं, इतनी बडी पँट किसकी है?"

"नदी की," काका म्हणाले.

शेठनं डेनिम दिलं, वर शहाणपणाचा सल्ला दिला, "कोरा माल है, पहले धुलवा लो. बहुत बैठता है."

काकांना राग आला. आकसणं त्यांना शिकवायचं? ओतलेलं लोखंड निवताना आकसतं, म्हणून पॅटर्न नेहमी थोडा मोठा करावा लागतो. त्या थोड्यावर त्यांची सगळी नोकरी झाली होती. त्यांनी कोऱ्या डेनिमलाही तेवढीच सूट धरली. लोखंडाची सूट! कापड सांगाड्यावर शिवलं, ताठ बसावं म्हणून पाणी मारलं आणि ते असं आकसलं, असं आकसलं, की होडीची दोन्ही टोकं वर उचलून तिचं केळं झालं.

"लाटेवर चढेल," काका म्हणाले.

"उल्हास नदीला लाटा कुठल्या?"

"बघू."

पाणी आत येऊ नये म्हणून वरून ऑइलपेंट देताना ते एकदाच घरचं बोलले. गावी त्यांच्या लोकांना नदीच्या खालच्या अंगालाच पाणी भरावं लागे. वरच्या घाटावर पाय बुडवला म्हणून त्यांच्या आजोबांना मार पडला होता.

मी उठून उभीच राहिले. ही नुसती होडी नव्हती, हा जाहीर कार्यक्रम होता! मी पत्रक लिहून छापून आणलं, वस्ती गोळा केली, माइक ठरवला, वक्ते बोलावले. "काका, तुम्ही फक्त आजोबांचं सांगायचं. मग होडी उतरवू."

काकांचा चेहरा पडला. "पोरी, हक्कासाठी मागची माणसं खपली. मिळाला तो. मग आता त्या पाण्यात हुंदडायचं कुणी? मी काही मागायला चाललो नाही. खेळायला चाललोय."

"खेळायला? काका, अजून कितीतरी गावांत—"

"ठाऊक आहे. ते तू लिही. हा एक रविवार माझा."

मला संताप आला. आजही येतो. आजही पाणवठ्यांवर माणसं अडवली जातात, आणि हा माणूस रविवार मागतो!

कार्यक्रम मी रद्द केला नाही. बदलापूरला नदी संथ आहे तिथं टेम्पोनं होडी नेली. वक्त्यांनी घसा साफ केला, "बंधूंनो आणि भगिनींनो" म्हटलं आणि तेवढ्यात झुडपांमागून छपाक आवाज आला. काका पाण्यात! सगळ्या सभेनं वक्त्यांकडे पाठ केली. वाकलेली होडी सरळ जाईना. वल्हं मारलं की जागच्या जागी गर्रकन फिरे, दुसऱ्या बाजूनं मारलं की उलटी फिरे.

"अहो, सरळ चालवा की!" काकू काठावरून ओरडल्या.

"सरळ जात नाही!"

"घरात तरी कधी सरळ गेलात!"

माणसं हसून हसून खाली बसली. ओल्या दगडांवर बसायला त्यांनी माझी पत्रकं अंथरली. वक्ते बंद माइक हातात धरून हसत होते. आणि नदीच्या मधोमध, जिथं ना वरचा घाट ना खालचा, पॅटर्नकाका गरगर फिरत मोठमोठ्यानं हसत होते. इतक्या वर्षांच्या शेजारात मी तो आवाज पहिल्यांदाच ऐकला.

पुढं पावसाळा सोडून बहुतेक रविवारी ते नदीवर जात. "नवं कापड लावा, सरळ करा," मी किती वेळा सांगितलं. "फिरते ना? मग?" एवढंच ऐकायला मिळालं.

गेल्या थंडीत काका गेले. शोकसभेत ठराव आला, होडी विहारालगतच्या सभागृहात भिंतीवर लावावी, खाली पाटी, वर हार. ठराव माझ्याच लोकांचा, भाषाही माझ्याच पत्रकांची. मी उठले आणि विरोध केला. जिवंतपणी ज्या माणसाचा कार्यक्रम मला करता आला नाही, त्याचा मेल्यावर मी होऊ देणार नाही. निर्णय पुढच्या सभेवर गेला आहे.

तोवर होडी काकूंच्या ओट्यावर आहे. म्हणून तुम्हाला विनंती, या रविवारी सकाळी या आणि काकूंना हाक मारा. उचलायला दोन माणसं पुरतात. पोहता येत नसेल तर काठालगतच राहा, पण पाण्यात बसा. दर रविवारी नदीवर जाणारी होडी भिंतीला टांगायला कुणी धजणार नाही. हार आणू नका. कोरडे कपडे आणा.