तो शब्द मोठ्यानं

चर्चमधल्या दमट चटईचा वास आला, की मी नाशिकच्या होस्टेलात पुन्हा गुडघे टेकते.

तेव्हा मी आठ वर्षांची होते, सुरगाण्याहून आलेली. द्राक्षांच्या कामाला गेलेला बाप परतलाच नव्हता. सगळ्या मुली प्रार्थनेत ‘हे पित्या’ म्हणायच्या, तेव्हा मी ओठ घट्ट मिटायचे. प्रार्थनेत सगळ्यांचेच डोळे मिटलेले असायला हवेत, तरी आमच्या वॉर्डन मावशींनी पाहिलंच. वाटलं, आता ओरडतील.

“माझाही बाप सोडून गेला गं,” त्या हळूच म्हणाल्या. “म्हणून मी तो शब्द जरा मोठ्यानंच म्हणते. हा बाप लेकींना सोडून जात नाही.”

मला पटलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी ओठ हलले.

आज चर्चमध्ये माझ्या शेजारी बसलेली नवी मुलगी त्याच शब्दाला गप्प झाली. मला दिसलं, कारण माझेही डोळे उघडे होते. मी तो शब्द जरा मोठ्यानंच म्हटला.