माळ्यावरचे दोन दिवस

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, प्रकाशकाला नाही, आणि जिच्यासाठी सांगायला हवं होतं तिच्या हयातीत तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता अब्रू जुनी झाली, तिला फारसं कोणी विचारत नाही, म्हणून असेल. काही असो. बसा जरा.

माझी एकच कादंबरी. ती वाचलेला माणूस भेटला की हमखास विचारतो — गुरुजी, कुठे बसून लिहिली? मी कधी म्हणतो शाळेत, कधी म्हणतो घरी, पहाटे. एकदा तर सत्काराच्या भाषणात नदीकाठ म्हणून मोकळा झालो. इतक्या साध्या प्रश्नाला माणूस खोटं का बोलेल? — थांबा, येतो तिथवर. मला तिथवर यायला चाळीस वर्षं लागली आहेत, तुम्हाला दहा मिनिटं लागतील.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी मूळचा उंद्रीचा, चिखलीकडचा. मास्तरकी लागली ती थेट सातपुड्याच्या पायथ्याशी, सोनाळ्याला. वय चोवीस, लग्न व्हायचं होतं आणि डोक्यात एकच खूळ — कादंबरी लिहायची. कशावर, ते माहीत नव्हतं. पण नवं राज्य आलं तर त्याला नवी कादंबरी नको का? आणि ती मी नाही लिहिली तर कोण लिहिणार? असा माझा तोरा होता. आठवलं की आजही हसू येतं.

पण जागा मिळेना. रामभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या घरी मी खोली घेऊन राहत होतो. माणूस लाखात एक, प्रेमळ — आणि तीच पंचाईत. 'लिहून राह्यले का मास्तर?' म्हणून तासातासाला दार लोटायचे आणि मी लिहितो कसा ते बघत समोर बसायचे. शाळा सुटल्यावर वर्गात थांबलो तर हेडमास्तरांनी हजेरीपट आणून ठेवले — बसलाच आहात तर एवढं करा. मारुतीच्या पारावर वही उघडली तर पोस्टकार्डं घेऊन चार जण हजर — मास्तर, जावयाले दोन ओळी लिहून द्या. चार जावयांना आठ ओळी झाल्या, कादंबरीची एक नाही.

रीत तर त्याहून जमेना. सत्तावीस प्रकरणांचा आराखडा करून भिंतीला चिकटवला. निळी शाई बदलून काळी आणली. रोज पहिलं पान लिहायचं, रोज फाडायचं. त्या पहिल्या पानावर अरविंद नावाचा एक तरुण पुण्यातल्या खिडकीत उभा होता. आता मी पुणं पाहिलेलं नाही — त्या खिडकीतून काय दिसतं ते मला कुठून कळणार? सगळा पावसाळा तो बिचारा तिथे उभा राहिला. मला त्याची दया यायला लागली होती.

दिवाळीची सुट्टी लागली. मी गावी निघायच्या आदल्या दिवशी रामभाऊ म्हणाले, चला, वावर तरी पाहून घ्या. ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली, कणसं दाणा धरलेली, आणि मधोमध चार बल्ल्यांवर राखणीचा माळा बांधलेला. माळ्यावर गोफण घेऊन पारबतीमाय उभी.

तिच्याबद्दल सांगायला हवं. साठीकडे झुकलेली, एकटी बाई. लेक होती, ती दिलेली. एरवी लोकांच्या निंदणीला जायची, पण ज्वारीच्या दिवसांत पाखरं राखणं हे तिचं काम — काम कसलं, तो तिचा मान होता. गावात म्हणायचे, पारबतीच्या राखणीत कणसाला चोच लागत नाही. लोक तिच्या दारी जाऊन आधी सांगून ठेवायचे. रामभाऊंनी त्या साली पोळ्यालाच सांगून ठेवलं होतं. त्या दोन महिन्यांत गावातून तिच्याइतकं ताठ पाटीलही चालत नसतील.

मी सहज शिडी चढलो. वर गेलो आणि — कसं सांगू? खाली नुसती कणसं, वाऱ्यानं हलणारी. उत्तरेला सातपुडा, निळा. हजेरीपट नाही, जावई नाही. खिशात वही होती. बसलो. उतरलो तेव्हा तीन पानं झाली होती. अरविंद पुण्यातच राहिला. त्याच्या जागी डोक्यावर वांग्यांची टोपली घेतलेली एक बाई आली होती आणि ती थांबायचं नाव घेत नव्हती.

गावी गेलोच नाही. शाळेचं काम निघालं असं आईला कळवलं. सकाळी भाकरी बांधून माळ्यावर, दिवस बुडाला की घरी. एका टोकाला माय, एका टोकाला मी. ती 'हाऽ हो' करून गोफण फिरवायची, ढेकूळ सुटायचं, पाखरं उठायची आणि माझं वाक्य पुढे सरकायचं. त्या आवाजानं मला कधी त्रास झाला नाही. उलट ती जरा गप्प बसली की माझा हात थांबायचा.

तरी जुनी खोड जाईना. तिसऱ्या दिवशी पुन्हा मागची पानं काढून खोडाखोड सुरू झाली. मायनं बराच वेळ पाहिलं.

"काऊन खोडून राह्यले, मास्तर?"

"नीट नाही झालं, माय."

"निंदाले बसलं का बाई आपली पात धरते," ती म्हणाली. "पात धरली का धुऱ्यापर्यंत न्याची. मांगं वळून पाह्यलं का पात मांगंच राह्यते."

निंदणीत प्रत्येक बाई पिकाच्या ओळींचा एक पट्टा वाटून घेते, ती पात. तो पट्टा बांधापर्यंत न्यायचा, गवत उरलं का ते मग कोणीतरी पाहील. बस, एवढंच. सत्तावीस प्रकरणांचा आराखडा मी त्या संध्याकाळी भिंतीवरून काढून चुलीत घातला. त्यानंतर मागचं पान पाहिलं नाही. जेवायच्या वेळी माय विचारायची, त्या वांगेवालीचं पुढं काय झालं? मी सांगायचो. ती भाकरी चावत विचार करायची आणि म्हणायची, "नाई मास्तर, ते बाई अशी गप बसनार नाई." आणि खरंच, दुपारी ती बाई गप्प बसायची नाही. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता, नंतरही नाही. लग्नात नाही, पहिल्या मुलाच्या वेळी नाही. हेही मी कोणाला सांगितलेलं नाही.

मग निरोप आला. मायच्या लेकीचे दिवस भरले होते, पलीकडच्या गावी. दोन दिवसांत परत येता आलं असतं. पण माय निघेना. "वावर सोडून कशी जाऊ?"

मी म्हणालो, जा. मी आहे ना. रामभाऊंना सांगायचीही गरज नाही, दोन दिवसांचा तर प्रश्न.

किती चांगला मास्तर, नाही? तिलाही तसंच वाटलं, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. पण मी तिला का पाठवलं? — लेकीसाठी? कादंबरीतली वांगेवाली भर बाजारात उभी राहून सगळ्या गावाला सुनावणार होती, ते प्रकरण आलं होतं. आणि मला तो माळा एकट्याला हवा होता. आवाज करायला कोणी नसलं तर हात थांबेल ही भीतीही त्या दिवशी उरली नव्हती, इतका मी भरात होतो. मायनं मला गोफण धरायला शिकवली. जाताना दोनदा बजावलं, "उन्हं कलले का भोरड्या येतात. पयला थवा उतरू देऊ नोका. त्याले पाहून बाकीचे उतरतात."

आता येतो मूळ गोष्टीवर. स्वतःशी मी बरीच वर्षं असं धरून चाललो होतो की मी लिहिण्यात गढलो होतो, मला दिसलंच नाही. ते खोटं आहे. मला दिसलं.

उन्हं कलली होती. पूर्वेच्या धुऱ्यावर आभाळात एक काळा पट्टा वळला, पसरला, पुन्हा वळला. जवळ आल्यावर त्यातला गुलाबी रंगही दिसला. भोरड्या. गोफण माझ्या मांडीला लागून होती, ढेकळं रचून ठेवलेली होती. आणि माझं एक वाक्य अर्धं होतं. म्हटलं, एवढं पुरं करू. ते पुरं झालं तर त्याच्या पाठोपाठ दुसरं उभं. पहिला थवा उतरला. मग दुसरा. मग मोजायचं काही राहिलंच नाही. हजारो चोची कणसांवर चालू लागल्या, सगळ्या वावरातून एकच कुरकुर आवाज येत होता — आणि तो आवाज मला आवडला. सांगायला लाज वाटते, पण आवडला. त्या आवाजात मी चौदा पानं लिहिली. दिवस बुडेपर्यंत वांगेवाली बाजारात बोलत होती आणि मी मोठमोठ्यानं हसत होतो.

चला, पहिल्या दिवशी भान सुटलं म्हणू. पण दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी मी गोफण वर नेलीच नाही. शिडीच्या बल्लीला अडकवली आणि वर चढलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आधी रामभाऊ आले. अर्ध्या वावरातली कणसं रिकामी, दाण्यावाचून नुसती बोंडं राहिलेली. ते धुऱ्यावरच उभे राहिले. मागून माय आली, नात झाल्याचा गूळ घेऊन. तिनं वावर पाहिलं. गूळ पदराखाली गेला.

"कुठी होती, माय?" रामभाऊंनी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "इथीच होती. नजर चुकली."

रामभाऊ माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी तं रोज येता. होती का माय?"

आणि मी म्हणालो — "मी लिहिण्यात होतो. माझं लक्ष नव्हतं."

पाहिलंत वाक्य? एकेक शब्द सुटा काढून शपथेवर सांगता येईल. माझ्या सगळ्या कादंबरीत इतकं बेतलेलं वाक्य दुसरं नाही. मायनं मला का वाचवलं? माझी नोकरी जाईल असं तिला वाटलं? की सांगून न गेल्याची चूक तिला आपलीच वाटली? मी तिला कधी विचारलं नाही. रामभाऊंनी तिला एक शब्द लावला नाही, फक्त बल्लीवरची गोफण काढून घरी नेली. पुढल्या साली पोळ्याला तिच्या दारी कोणी गेलं नाही. त्याच्या पुढल्या सालीही नाही.

कादंबरी आली. पहिली प्रत घेऊन मी मायकडे गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती. हात पुसून तिनं पुस्तक घेतलं, वजन पाहिलं, पानांवरून अंगठा फिरवला.

"ते दोन दिवस यात कोठी हायेत?"

मी ते प्रकरण उघडून तिचं बोट त्या पानावर ठेवलं. ती म्हणाली, वाचा. मी वाचलं. वांगेवाली बाजारात बोलायला लागली आणि माय अशी हसायला लागली की शेजारच्या बाया धावून आल्या, त्याही बसल्या. सगळं प्रकरण संपेपर्यंत कोणी उठलं नाही. "बरं झालं, मास्तर," माय डोळे पुसत म्हणाली. "पुरं झालं ना." रामभाऊंचं घर तिथून चार घरांवर होतं. खरं काय ते सांगून टाकायचं, दोन मिनिटांचं काम होतं. मी त्या घराकडेच निघालो होतो, कारण मी तिथेच राहत होतो. पोचलो, ओसरीवर रामभाऊ बसले होते, त्यांनाही ते प्रकरण वाचून दाखवलं. तेही हसले. मी इतका खुशीत होतो की बाकी काही सुचलंच नाही.

त्या प्रकरणातला एक शब्दही मी पुढे कधी बदललेला नाही. मला ते आजही आवडतं. पुन्हा चोवीसचा झालो, पुन्हा तो माळा मिळाला आणि तेच वाक्य अर्धं राहिलं, तर मी आधी गोफण उचलीन असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

अजून एक राहिलं. तोवर गावात एक म्हण रूढ झाली होती. दूध उतू गेलं — पारबतीची राखण. शेळ्या दुसऱ्याच्या वावरात शिरल्या — पारबतीची राखण. कोणाच्या भरवशावर ठेवलेली वस्तू बिघडली की लोक एवढंच म्हणायचे. माय वाटेनं जात असली तर आवाज खाली घ्यायचे, पण म्हणायचे.

कादंबरी आल्याच्या दुसऱ्या वर्षी मी चौथीचा वर्ग मॉनिटरकडे सोपवून हेडमास्तरांकडे गेलो होतो. परत आलो तर पाट्या फुटलेल्या, पोरं बाकांवर चढलेली. मी रागावलो नव्हतो, मजेतच होतो. दारात उभा राहून म्हणालो, "काय रे, पारबतीची राखण केली वाटते?"

वर्ग पोट धरधरून हसला. मीही हसलो.