काकाजींच्या छावणीतलं अस्वल

आमचे काकाजी कधी बसत नसत. वर्ध्याजवळ नालवाडीला त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहिले, तेवढ्या वर्षांत मी त्यांना धड बसलेलं फार क्वचित पाहिलं. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, जेवण तेवढं मांडी घालून, पण तेही पाठीमागे कोणी काठी घेऊन उभं असल्यासारखं. घरी आलेल्या प्रत्येकाला मात्र त्यांचा पहिला शब्द 'बसा'. वायरमन आला, बसा. मतं मागायला कोणी आलं, बसा. मी दिवसभर रुग्णालयात लोकांच्या रक्ताचे नमुने घेऊन, पायांचे पार खांब झालेल्या अवस्थेत स्कूटी फाटकातून आत घेतली, की ओट्याच्या खांबाला टेकून उभे असलेले काकाजी म्हणत, "बसा मॅडम. थकल्या तुमी." मी बसे. ते उभेच.

घरामागं त्यांचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. सांभाराच्या जुड्या उजाडायच्या आत बांधून ते बाजारात जात आणि ऊन चढायच्या सुमाराला परत येत. मग पुन्हा पाणी, निंदण, फवारणी. "बसलं का आंग धरते," असं त्यांचं एक ठरलेलं उत्तर होतं. एकदा मला ते केळझरला गणपतीच्या दर्शनाला घेऊन गेले. सगळी माणसं दर्शन झाल्यावर सावलीत टेकली. काकाजी आमच्या चपलांजवळ उभे. चपला कोण नेतो काकाजी, या ना, म्हटलं, तर म्हणाले, "नेत नाई कोनी. पन उभं राह्याले काईतरी कारन पाह्यजे ना."

काकूंना मी पाहिलेलं नाही. मी राहायला येण्याआधीच त्या आजारपणात गेल्या होत्या. टीव्हीच्या वर त्यांचा फोटो होता, आणि त्या फोटोतही त्या उभ्याच होत्या, हातात विळा. एकुलता एक मुलगा निलेश पुण्याला कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचा. रविवारी त्याचा फोन येई. ओट्यावर बसल्या बसल्या मला तो सगळा ऐकू येई, कारण ऐकण्यासारखं त्यात फारसं नसेच. "जेवला?" "हाव." "पानी आलं?" "आलं." "ठेवू?" "ठेव." दोघंही थकलेले. दोघांच्या मधलं बोलणारं माणूस गेलं होतं, आणि ती जागा कशी भरायची हे एकालाही ठाऊक नव्हतं.

एका दिवाळीला निलेश घरी आला आणि जाताना बापाच्या मोबाइलवर एक खेळ टाकून गेला. या वयाच्या माणसाला लोक भजनं टाकून देतात, यानं खेळ दिला. खेळ साधारण असा, की आपला एक वीर असतो. त्याला तलवार, चिलखत मिळवून द्यायचं, राक्षसांशी लढवायचं, लढता लढता तो तयार होत जातो. अशा खूप जणांनी मिळून एक टोळी करायची. टोळीची एक छावणी असते, मध्ये शेकोटी असते. निलेशच्या टोळीचं नाव होतं 'ठेचा टोळी'. त्यात सगळी आपल्याकडचीच पोरं, वर्धा, यवतमाळ, अमरावतीची, नोकरीपायी पुण्या-मुंबईला आणि कुठं कुठं जाऊन पडलेली. निलेश त्यांचा म्होरक्या. काकाजींच्या वीराचं नावही 'काकाजी'च.

काकाजी तो खेळ मळ्यासारखा खेळत. दुपारी खांबाला टेकून मोबाइल उघडायचा आणि वीराला कामाला जुंपायचं. लाकडं तोड, जडीबुटी गोळा कर, पाणी आण. लढाईला फारसं पाठवत नसत. "भांडून कोनाचं भलं झालं मॅडम?" खेळात एक सोय होती. काही वेळ हात लावला नाही, की आपला वीर शेकोटीजवळ जाऊन आपोआप खाली बसायचा. काकाजींना याचा भयंकर राग. "पाहा, पाहा! मले न विचारता बसते हा!" असं म्हणून ते बोटानं त्याला टोचत आणि उभा करत.

पण खरी गंमत खेळाच्या गप्पांच्या चौकटीत होती. पोरं मराठीच लिहीत, पण इंग्रजी अक्षरांत. काकाजींना ते पटपट वाचता येत नसे, म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. तिकडे राक्षस आग ओकतोय, पोरं एकमेकांना हाका मारतायत, आणि मध्येच काकाजींचा देवनागरीतला प्रश्न टपकायचा, "जेवला काय?" आधी पोरं हसली. मग एकेक जण हजेरी दिल्यासारखा उत्तर देऊ लागला. जेवलो काकाजी. आज मेस बंद हाये काकाजी. निलेशही लिहू लागला, आणि फोनवर चार शब्दांत आटपणारा हा पोरगा तिथं चांगल्या लांब ओळी लिहायचा. "आज वांगे होते मेसले. पन बाबा, आपल्या वांग्याची सर नाई." हे मी वाचलं तेव्हा काकाजींनी मला ते पुन्हा वाचायला लावलं.

आणि मग त्या खेळात पाहुणे आले. काही आठवड्यांपुरती एका जुन्या कार्टूनमधली पात्रं या खेळात आणली होती. गबदुल अस्वल आणि चिटकी खार. निलेश लहान असताना दुपारी टीव्हीवर लागायचं ते. गबदुलला नुसतं बसायचं असतं आणि चिटकी त्याला दर वेळी उठवून कामाला लावते, एवढीच त्यात गोष्ट. खेळात अधूनमधून मिळणारी नशिबाची पेटी उघडली आणि काकाजींना गबदुल मिळालं. मी कपडे वाळत घालत होते. त्यांनी अशी हाक मारली, की मला वाटलं साप निघाला. पुण्याला निलेशलाही गबदुलच मिळालं.

आता अट अशी होती, की पाहुण्यांचा मुक्काम संपायच्या आत टोळीनं एका मोठ्या राक्षसाला हरवलं, तर ते कायमचे छावणीत राहणार. नाहीतर निघून जाणार. आणि टोळीत सर्वांत जबरदस्त ताकद होती या दोन अस्वलांची. निलेशनं आपलं अस्वल लढाईत उतरवलं. काकाजींनी आपलं शेकोटीजवळ बसवून ठेवलं. उलट त्याच्यासाठी मध गोळा करायला स्वतःच्या वीराला रानोमाळ हिंडवलं. पोरांनी आधी विनवलं, मग ती चिडली. टोळी रोज हरत होती.

शेवटी निलेशनं एरवीचा रविवार सोडून फोन केला. "बाबा, अस्वलाले उतरवा ना लढाईत."

"पाहुना हाये थो."

"खेळ हाये बाबा! नाई उतरवलं तर जाईन थो."

"जाईनच ना. पाहुना जातच असते. कामाले लावून ठेवून घेतला, तर पाहुना कायचा? गडी झाला मंग."

"मायचं अस्वल हाये थे," निलेश म्हणाला. त्याचा आवाज मला ओट्यापर्यंत ऐकू आला. "मले ठेवून घ्याचं हाये त्याले. तुमाले काईच कसं वाटत नाई?" आणि त्यानं फोन ठेवला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. काकाजी रोज दुपारी विचारत, "जेवला काय?" बाकीची पोरं उत्तर देत नव्हती ते एक वेळ चाललं असतं, पण निलेशही देत नव्हता. काही जणांनी तर लिहिलं होतं, काकाजीले टोळीतून काढ, नाई तर आम्हीच जातो. हे मात्र मी वाचून दाखवलं नाही. संध्याकाळी मी आले, की काकाजी मोबाइल माझ्यापुढं धरून "पाहा बरं, आलं काय काई?" असं विचारत, आणि "नाही काकाजी" म्हणताना मला दिवसभराच्या ड्युटीपेक्षा जास्त थकायला होई.

मग निलेशचा मलाच फोन आला. "मॅडम, तुमी तरी समजवा. माह्यं ऐकत नाई थे." मी म्हटलं, बघते. संध्याकाळी काकाजी वांग्यांना पाणी देत होते. बांधावर उभं राहून मी विचारलं, की एवढा हट्ट कशासाठी? पोरगा दुरावतोय तुमचा, एका अस्वलापायी.

"निलेशची माय या मळ्यात आली अन् उभीच राह्यली," ते म्हणाले. "मी बसलो नाई, तिलेबी बसू देलं नाई. दुपारी थे अस्वल लागे टीव्हीवर, तेवढी बसे. पोट्ट्याले मांडीवर घेऊन. खार त्याले उठवाले आली का टीव्हीलेच म्हने, 'याले तरी बसू दे वो माय!' अन् हासे. मले आयकू ये इथपर्यंत. मी काय करो? हाक मारो. वांगे तोडाचे राह्यले म्हनून." पाणी एका वाफ्यातून फुटून भलतीकडे गेलं होतं, त्यांना कळलं नाही. "आता थेच अस्वल आलं माह्या घरी. त्याले मी उठवू?"

खोलीवर येऊन मी निलेशला फोन लावला आणि काकाजी जे बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. त्याच्या मागं कंपनीचा भोंगा वाजला. "बरं मॅडम," एवढंच तो म्हणाला.

पाहुण्यांच्या मुक्कामाचा शेवटचा दिवस माझ्या सुट्टीचा होता. काकाजी बाजारातून लवकर आले, हातपाय धुतले आणि धुतलेला सदरा घातला. त्यांच्या घरची रीतच होती ती. पाहुणा निघाला, की चांगले कपडे घालून त्याला हमरस्त्याच्या वळणापर्यंत पोचवायला जायचं. मोबाइल उघडला. टोळी शेवटच्या लढाईला निघाली होती. त्यांच्यात निलेशचं अस्वल दिसेना. मी शोधलं, तर ते छावणीत, शेकोटीजवळ, काकाजींच्या अस्वलाला खेटून बसलेलं. शेजारी निलेशचा वीरही बसलेला. टोळी हरली, पार धुव्वा उडाला. पोरांनी म्होरक्याला काय काय ऐकवलं, ते मी इथं लिहीत नाही.

मुक्काम संपत आला तसे बापलेकांचे दोन्ही वीर उठले आणि अस्वलांना घेऊन छावणीच्या फाटकापर्यंत गेले. अस्वलं दिसेनाशी झाली. काकाजी रिकाम्या फाटकाकडे बघत राहिले. मग आपल्याच ओट्याच्या पायरीवर ते खाली बसले. मी बसा म्हटलं नव्हतं. गप्पांच्या चौकटीत एक ओळ आली होती, आणि या वेळी देवनागरीत होती. ती त्यांनी स्वतःच वाचली, अक्षरावर बोट ठेवून. "बाबा, जेवले काय?"

त्यानंतर निलेश महिन्या-दोन महिन्यांनी येऊ लागला. बापलेक मळ्यात उभे राहून काय बोलत, ते मला ऐकू येत नसे, पण बोलत. मला चांगलं वाटे. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी घरी आले, तर काकाजी ओट्यावर भिंतीला पाठ टेकवून बसले होते. त्यांना बसलेलं पाहून मी स्कूटी तशीच टाकून धावले. "बसा मॅडम," ते म्हणाले. "मीबी बसलो आज. लय थकलो." रुग्णालयात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. इतकी वर्षं तिथं काम करून मला काही करता आलं नाही.

तेरवी झाल्यावर मी रोहण्याला माझ्या गावी जायला निघाले. खोली सोडायचं माझं ठरलं होतं. निरोप घ्यायला गेले, तर निलेश ओट्याच्या खांबाला टेकून उभा. अगदी तसाच. "बसा मॅडम," म्हणाला. हातात मोबाइल होता आणि त्यात ती छावणी. शेकोटीजवळ काकाजींचा वीर बसलेला. आता त्याला टोचून उठवणारं कोणी नव्हतं.

टोळीत कुणी नवा पोरगा आला होता, त्याची तक्रार होती. हा काकाजी कोण हाये, काईच खेळत नाई, नुसता जागा अडवून राह्यला, काढा याले. निलेशनं लिहिलेलं उत्तर त्यानं मला दाखवलं.

"बाबा हायत माहे. बसू द्या."