बोंबलाच्या दोरीवरचा हात

आमच्या किनाऱ्यावर एकदा सिनेमावाले आले होते. लहान पोरांचा सिनेमा, दिवाळीच्या सुट्टीत लावायचा. गोष्ट अशी, की एका कोळ्याची पोर दर्याच्या तळाला जाते, तिथं माशांची दिवाळी चाललेली असते आणि तिथनं ती एक दिवा घेऊन वर येते. तो दिवा कधी विझत नाही. सगळं खोटं, पण पोरांना आवडेल असं.

त्यांना बोंबील वाळवणाऱ्या बायका पाहिजे होत्या. आमच्या आळीतल्या सहा बायका त्यांनी निवडल्या, त्यात माझी बायको. बोंबील चमकले पाहिजेत म्हणून त्यांना चंदेरी चमकी लावली. ही तिथंच त्यांच्या साहेबाला बोलली, "अवं, कशापायी नासवताय? आता ह्यांना कुत्रा बी तोंड लावणार न्हाय." तो हसला आणि म्हणाला, "मावशी, हेच बोला, हसत हसत बोला." तसं तिनं केलं, त्यांनी चित्र काढलं आणि दुपारच्याला बायका पुलाव खाऊन घरी आल्या. ही चार दिवस चमकी लागलेल्या हातानंच भाकऱ्या थापत होती.

सिनेमा दिवाळीत अलिबागच्या टाकीजला लागला. आळीतल्या बायका टेम्पो करून निघाल्या. ही म्हणाली, "मी बी जाते, संध्याकाळला येते." मी म्हणालो, "न्हाय." बोंबलाचा धंदा तेव्हा जोरात असतो हे खरं, पण एक दिवस ती नसती तर दर्या आटला नसता. खरं कारण वेगळं. बंदरावर माझ्या होडीवरचे गडी मला चिडवायचे, "काय तांडेल, हिरोईन काय म्हणते घरातली?" त्याचा मला राग यायचा. मी तिला बोललो, "चार महिन्यांत त्याची शीडी येईल, ती टीव्हीला लावायची चकती. घरात बसून बघ, पाय पसरून." ती म्हणाली, "येईल ना नक्की?" आणि बोंबील वाळत घालायच्या दोऱ्यांकडं गेली.

संध्याकाळी माझी वहिनी टाकीजवरनं आली ती आमच्या दारातच ओरडत आली, "अगो, तुझं तोंड या भिंतीएवढं दिसलं! हसतेस काय, बोलतेस काय!" हिनं तिला तीन वेळा सगळं सांगायला लावलं. आठवड्यानं टाकीजात दुसरा सिनेमा लागला.

शीडी आली ती पावसाळ्यात. होड्या वर ओढून माडाच्या झापांखाली झाकलेल्या, आळीत कुणालाच काम नाही. मी दुकानातनं मशीन आणि शीडी भाड्यानं आणली. दुपारी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. हिनं लग्नातलं लुगडं नेसलं होतं. मी म्हणालो, "टीव्ही बघायला एवढं?"

बायकांची जागा आली आणि गेली. शीडीत त्यांनी सिनेमा छाटला होता. तोंड नाही, बोलणं नाही. एक दोरी दिसली आणि एक हात. त्या हातानं दोन बोंबील घेतले, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला आणि ती जोडी दोरीवर टाकली. बस.

ही पुढं सरकली आणि म्हणाली, "तो हात माझा हाय."

तो हात तिचाच होता. मी बघितल्याबरोबर ओळखला. लग्नाच्या पहिल्या वर्षी होडी वर ओढताना मी दोर ढिला सोडला होता, त्यात तिची करंगळी सापडली. डॉक्टरकडं न जाता मीच काडी लावून ती बांधली, म्हणून ती वाकडी जुळली. टीव्हीत ती करंगळी बोंबलाच्या मागनं बाहेर आलेली मला स्पष्ट दिसली.

पण वहिनी सगळ्यांदेखत मला म्हणाली, "बघ, टाकीजात पाठवली असतीस तर तोंड बघितलं असतं तिनं." घरभर लोक माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "कसला हिचा हात? कोणा दुसरीचा हाय तो. शीडीत हिला त्यांनी घेतलीच न्हाय. उगाच बढाया."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग हात पदराखाली घेतला आणि उठून चहा ठेवायला गेली. त्या दिवसापासनं कोणी विचारलं, की ती सांगायची, "न्हाय गो, मी न्हवते त्या शीडीत." मी बाजूला असायचो तरी गप्प बसायचो. एक दिवस नाही, किती वर्षं.

मग एका श्रावणात ती गेली. तिच्या माघारी पहिली दिवाळी आम्हाला करायची नव्हती, म्हणून मुलगी मला तिच्या घरी घेऊन गेली. जावई न्हावा शेव्याला बंदरात कामाला आहे. तिथं मुलीनं कपाटातनं एक शीडी काढली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. म्हणाली, "आईची हाय. बाजारातनं विकत आणली होती तिनं. इकडं आली, की लाव म्हणायची."

मशीन अजून चालत होतं. चित्राला मुंग्या येत होत्या, पण चालत होतं. दोरी आली, हात आला. मी म्हणालो, "थांबव." मुलीनं थांबवलं. मी म्हणालो, "तो हात तुझ्या आईचा हाय. मी खोटं बोललो होतो."

मुलगी म्हणाली, "मला म्हाईत हाय, बाबा. आई दर टायमाला बोट लावून दाखवायची."

"मग मला कधी बोलली कशी न्हाय?"

"मी म्हटलं होतं तिला, की बाबांना विचार. तर बोलली, नको गो, हात त्यांना ओळखू आला होता. आता विषय काढला तर लाजेनं घासभर बी जेवणार न्हाईत."

मला वाटायचं, मला तो हात खरंच ओळखू आला नाही असं ती मानून बसली. ती मला सांभाळत होती. हे कळल्यावर मला जास्त वाईट वाटलं, कमी नाही.

घरी आलो तेव्हा वहिनी दोऱ्यांपाशी होती. ती आता म्हातारी झाली, कमरेत वाकलीय. मी तिच्यापाशी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "वहिनी, त्या शीडीतला हात हिचाच होता."

"आता सांगतोस?"

"व्हय."

"ती असताना तोंड शिवलं होतं तुझं?"

तिनं टोपली माझ्याकडं सरकवली. मी दोन बोंबील उचलले आणि एकाचा जबडा दुसऱ्यात घालायला गेलो. एवढी वर्षं मासळी आणली, पण हे काम कायम हिचंच होतं. जबडा माझ्या हातात तुटला.

"आळीत सगळ्यांना सांग," मी म्हणालो.

"मी का सांगू?" वहिनी म्हणाली. "ज्यानं न्हाय म्हटलं त्यानं फिरावं दारोदार."

मी हातातले बोंबील टोपलीत टाकले आणि पहिल्या घराकडं निघालो.